माहिती प्रथम मिळाल्याची तारीख

१८ ऑगस्ट, सोमवार

ही वही ताईने मला बांधून दिली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून कपाटात कोरीच होती, कारण माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडत नाही अशी माझी समजूत होती. आज घडलं.

मोठ्या साहेबांनी सकाळी खोलीत बोलावलं, स्वतः उठून दार लावलं आणि एक लिफाफा पुढे केला. आत पत्र. कंपनीने मला पंधरा हजार शेअर दिले आहेत. दिले म्हणजे अजून मिळाले नाहीत. पत्रात तीन अटी आहेत. १५ ऑक्टोबरला मी नोकरीत असलो पाहिजे. त्याच दिवशी आमच्या सांधेदुखीच्या गोळीची फाइल बाहेरच्या देशांच्या मंजुरीसाठी गेली पाहिजे. आणि तोवर गोळीच्या खोक्यावर कुठलाही नवा गंभीर इशारा छापायची वेळ आलेली नसली पाहिजे. तिन्ही जमलं तर शेअर माझ्या नावावर, एक जरी हुकलं तर पत्र रद्दीत.

साहेब म्हणाले, "विक्रीवाल्यांना दरवर्षी मिळतात, कारखान्याला मिळतात. तुमच्या विभागाला मात्र आजवर कधीच नाही. मला ते खटकत होतं, डॉक्टर."

मलाही खटकत होतं. आमचा विभाग औषध सुरक्षेचा. कंपनीचं औषध घेऊन कुणाला त्रास झाला की ती तक्रार आमच्याकडे येते, आणि तो त्रास औषधामुळेच झाला का, यावर शेवटची सही माझी असते. अठरा वर्षं मी ही सही करतोय आणि अठरा वर्षांत पेशंटच्या मनगटाला हात लावलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत विक्रीवाले आपल्या शेअरबद्दल बोलायला लागले की मी फळ सोलत बसायचो. उद्यापासून बसणार नाही.

बायको शाळेत गणित शिकवते. तिने पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे लग्न ठरलंय, लागलेलं नाही. आताच बाजारात तुरी असं करू नका."

"आनंदावर विरजण घालायचं तू शाळेत वेगळं शिकवतेस का गं?" मी म्हटलं. पण रागावलो नाही. आज मला कुणाचाच राग येत नाहीये.

२४ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी ताईकडे जातो, तसा गेलो. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेल्यावर तिने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काम केलं आणि मला डॉक्टर केलं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणते, "वेळच नाही मिळाला रे." तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी गुडघे इतके बिघडले की चार-चार दिवस खाली उतरत नव्हती.

आमची गोळी तिला मीच सुरू केली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. खोकी मीच नेऊन देतो. आणि काय सांगू, आज मी पोचलो तर ताई घरात नाही! खाली दुकानातून पाव घेऊन, एकटी, कठड्याला न धरता वर आली. "बघ, तुझ्या गोळीने म्हातारीला पाय फुटले," म्हणाली. हे कुठल्याही पत्राहून मोठं बक्षीस आहे. हे मी मनापासून लिहितोय.

तिला शेअरचं सांगितलं. मनातलं पण सांगितलं, की ते हातात आले की आमच्या घराजवळच तळमजल्यावर दोन खोल्या बघायच्या, तिच्यासाठी. "मला काय करायचंय घर?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, कपबशा विसळताना पाठमोरीच विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला असेल रे? शिवायच्या टेबलावर डावीकडून उजेड पडायला हवा."

वही वापरायला काढली हे ऐकून खूश झाली. पण दम दिलाच. "पान फाडायचं नाही हं. टाक्याची बांधणी आहे. एक पान फाडलंस की त्याचं पलीकडचं जोडीचं पान सुटतं. सवय आहे तुला, ठोंब्या, लहानपणी गणित चुकलं की पानच फाडायचास."

छप्पन्न वर्षांच्या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात एकच माणूस आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आमच्याकडे तक्रारींची नोंद करणाऱ्या बाई आधी बावीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या. सगळे त्यांना नर्सबाईच म्हणतात. हसणं त्यांना वर्ज्य आहे.

आज त्यांनी एक कागद आणला. एक निवृत्त शिंपी, गोळी सुरू करून नऊ आठवडे. आधी अंगाला खाज, जेवणावरची वासना गेली, मग कावीळ. मी सगळं वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं की रोज संध्याकाळी थोडी दारू घेतो. लिव्हर दारूने जातं हे शेंबडं पोरही सांगेल. मी शेरा मारला, "औषधाशी संबंध संभवत नाही".

नर्सबाई म्हणाल्या, "दारू तीस वर्षं घेतोय, डॉक्टर. कावीळ आत्ता झाली."

"तीस वर्षांनीच होते," मी म्हटलं. त्यांनी कागद उचलला. दार जरा जोरात लागलं, पण ते दार तसंच आहे.

७ सप्टेंबर, रविवार

ताईकडे. छान गप्पा झाल्या. बायकोही आली होती.

ताई सारखी दंड खाजवत होती. तळहातही. म्हणाली, "कसली खाज आहे कळत नाही, आठ दिवस झाले, रात्री झोप नाही." मी बघितलं, पुरळ-बिरळ काही नाही. साबण बदल म्हटलं. तिचा तो पिवळा स्वस्तातला साबण मला कधीच आवडलेला नाही. जेवलीही कमीच, तोंडाला चव नाही म्हणाली. बायको म्हणाली, "ताई, तुम्ही बारीक झालात." ताई म्हणाली, "जिने चढते ना आता."

मग मी दोघींना कुलपाचं समजावलं. आमच्या कामात ही मोठी गोष्ट. अहवाल करायचा तर तक्रारी कुठेतरी थांबवाव्या लागतात, नाहीतर तो कधी पुराच व्हायचा नाही. म्हणून एक दिवस ठरवतात. त्या दिवसापर्यंत कंपनीला जे कळलं ते या फाइलमध्ये, नंतर कळलं ते पुढच्या, सहा महिन्यांनी. त्या दिवसाला आम्ही कुलूप म्हणतो. आमचं कुलूप तीस सप्टेंबरला. आणि कंपनीला कळलं म्हणजे कुणालाही कळलं! शिपाई असो की साहेब, लग्नाच्या पंगतीत जरी कानावर आलं की आमच्या औषधाने अमक्याला त्रास झाला, तरी चोवीस तासांत कळवायचं. घड्याळ तिथून सुरू होतं. हा नियम नव्या लोकांना मीच शिकवतो, दरवर्षी, दोन तास.

"म्हणजे तुझ्यासमोर शिंकायची चोरी," ताई म्हणाली.

मी हसत हसत बोट नाचवलं. "म्हणूनच सांगतो, तीस तारखेपर्यंत घरात कुणी आजारी पडायचं नाही! नाहीतर तळमजला विसरा."

खूप हसलो तिघंही.

११ सप्टेंबर, गुरुवार

शेअरचा भाव वर गेलाय. दिवसातून चारदा बघतो. बायकोला पाचदा वाटतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी कावीळ. शाळेच्या बसचा चालक, वय एकेचाळीस, दारू नाही, विडी नाही. दहा आठवडे गोळी. सुरुवात खाजेने.

पण हा माणूस डोकेदुखीसाठी दुकानातून आणून आणखीही काही गोळ्या घ्यायचा. कुठल्या, किती, लिहिलेलं नाही. अशा अर्धवट कागदावर शेरा कसा मारणार? मी लिहिलं, "अधिक माहिती मागवावी". हे अगदी नियमाला धरून आहे. प्रश्न विचारणं हा काही गुन्हा नाही.

"माहिती यायला तीन आठवडे लागतात," नर्सबाई म्हणाल्या.

"लागू देत."

"कुलूप दोन आठवड्यांवर आहे."

"मला तारखा माहीत आहेत, नर्सबाई."

त्या जाता जाता थांबल्या. "डॉक्टर, तुम्हालाही शेअर मिळालेत असं ऐकलं. अभिनंदन. आमच्याकडे म्हणायचे, कुंपणाला शेतातला वाटा देऊ नये." बाईंची जीभ पहिल्यापासून तिखट आहे. साहेबांना सांगून त्यांची बदली करवता येईल, पण मी तसा माणूस नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

ताईचे डोळे आलेत. घरात काळा चष्मा लावून बसली होती, खिडकीकडे पाठ करून. मला दारापाशीच खुर्ची दिली. "जवळ येऊ नकोस, तुला लागतील. तुझ्या कामाचे दिवस आहेत." स्वतःच्या दुखण्यातही तिला माझं सुचतं. मी म्हटलं, सिनेमानटी दिसतेस. "सही हवी का?" म्हणाली.

खाज गेली का विचारलं. लगेच म्हणाली, "गेली, गेली. साबणच होता तो."

अशक्त वाटली. गोळीचं नवं खोकं दिलं. विसरत नाहीस ना, विचारलं. म्हणाली, "एकही दिवस चुकवलेला नाही रे. तू दिलेली गोळी चुकवेन का?" वीस मिनिटांत निघालो. तिला झोप येत होती, सकाळी अकरा वाजता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही.

डोळे आले की पाणी येतं, चिकटतात. ताई एकदाही डोळे पुसताना दिसली नाही. असो. मी काही डोळ्यांचा डॉक्टर नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरी. नर्सबाईंनी आज तिन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

ही पेशंट एका ग्रंथालयात काम करणारी बाई. दारू नाही, दुसरं औषध नाही. रुग्णालयात आहेत. कागदात मला एकही भोक सापडेना. अर्धा तास शोधत होतो, हे इथे लिहून ठेवतो, कारण या वहीत तरी खोटं नको. शेवटी दिसलं की गोळी सुरू करण्याआधीची रक्ततपासणी जोडलेली नाही. लिव्हर आधीपासून बिघडलेलं नव्हतं कशावरून? "जुनी तपासणी मागवावी".

"मागवते," नर्सबाई म्हणाल्या. "वॉर्डात असताना एक करायचे, डॉक्टर. कागद वाचून झाला की एकदा जाऊन पेशंट बघायचे."

मी म्हटलं, आपलं काम वेगळं आहे. त्या म्हणाल्या, "हो, ते दिसतंय."

३० सप्टेंबर, मंगळवार

कुलूप लागलं. संध्याकाळी पाच वाजता संगणकावर शेवटचं बटण मी दाबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब स्वतः खाली आले. मला अपेक्षेइतका आनंद झाला नाही, थकलो असेन.

बायको म्हणते ताई दोन दिवस फोन उचलत नाही, जाऊन या. गेला रविवार कुलपाच्या गडबडीत हुकला, या रविवारी जायचंच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

रविवारची वाट बघायला नको होती.

दुपारी ताईच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा फोन आला. ताई जिन्यात बसलेली सापडली, हातात कचऱ्याची पिशवी, आणि आपण कुठल्या मजल्यावर राहतो ते तिला आठवेना. मी पोचलो तेव्हा तिला खाली आणलं होतं. काळा चष्मा कुठेतरी पडला होता.

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा रस्त्याच्या पलीकडून ओळखेल, असे पिवळे होते.

रुग्णालयातल्या लिव्हरच्या डॉक्टर तरुण आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी म्हणालो, काहीच नाही. नंतर म्हणालो, एक सांधेदुखीची गोळी. त्यांनी नाव विचारलं. कंपनीचं नाव माझ्या सदऱ्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं आणि मी ती हाताने झाकली. हे मी का केलं मला माहीत नाही.

गोळी बंद केली. त्या म्हणाल्या, आणखी दोन आठवडे आधी आणायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज ताई बरीच भानावर होती. हात धरला तर चामड्यासारखा कोरडा, दंडावर खाजवल्याच्या रेघा, काही जुन्या, काही नव्या.

"तीस तारीख झाली ना रे?" तिने विचारलं.

"झाली, ताई."

"मग आता सांगते. खाज कधी गेलीच नव्हती. लघवी चहासारखी होते. उजव्या बाजूला, फासळीखाली, जड जड वाटतं. आणि डोळे आले नव्हते बाबा माझे. आरशात बघितलं तेव्हा पिवळे दिसले, म्हणून शेजारणीकडून चष्मा मागून आणला."

"का नाही सांगितलंस मला? ताई, मी डॉक्टर आहे!"

"तूच म्हणालास ना. मला सांगितलं की तुला चोवीस तासांत वर सांगावं लागतं. मग तू अडकला असतास. म्हटलं, तेवीस दिवसांचा तर प्रश्न आहे, काढू."

"गोळी तरी बंद करायचीस!"

"आणि तू खोकं मोजलं असतंस तर?" मग डोळे मिटून म्हणाली, "आणि गुडघे खरंच बरे होते रे. ते खोटं नाही सांगितलं."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या बहिणीने माझा विनोद पाळला.

८ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणजे ताईचं आजारपण सांगितलं.

त्यांनी पाणी मागवलं, खांद्यावर हात ठेवला. रुग्णालयाचा खर्च कंपनी बघेल म्हणाले. मग विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"चार तारखेला," मी म्हणालो.

"चार ऑक्टोबर." त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे वळवलं, जणू मला वाचता येत नाही. "म्हणजे कुलपानंतर. नियमाप्रमाणे नोंद करा, अगदी जरूर करा. ती पुढच्या फाइलमध्ये जाईल. या फाइलला हात लावायचं कारण नाही. आणि डॉक्टर, त्यांना तळमजल्यावर हलवायचं म्हणत होता ना? आता तर जास्तच गरज आहे."

माणूस वाईट नाही. त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य नियमात बसतं, मी घरी येईपर्यंत तपासून बघितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नर्सबाई फॉर्म घेऊन आल्या. ताईचा फॉर्म. आज पहिल्यांदा त्या न सांगता बसल्या.

वय, वजन, औषध, दिवसाला किती, केव्हापासून. मी सांगत होतो, त्या लिहीत होत्या. मग ती ओळ आली, जी मी नव्या लोकांना फळ्यावर लिहून दाखवतो: कंपनीच्या कर्मचाऱ्यास माहिती प्रथम मिळाल्याची तारीख.

"चार ऑक्टोबर," मी म्हणालो.

त्यांनी पेन टेकवलं नाही. "तुम्ही दर रविवारी जाता त्यांच्याकडे."

"जातो."

"सोमवारी सांगता मला, ताई काय म्हणाली ते. सिनेमानटीचं सांगितलं होतंत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तारीख मी टाकत नाही. तुम्ही टाका. बाकीच्या तिघांचे भाऊ डॉक्टर नाहीयेत, एवढंच सांगते. आणि ही गोळी आजही दुकानात मिळते."

घरी येऊन ही वही उघडली. सात सप्टेंबरचं पान सापडायला वेळ लागला नाही. खाज. तळहात. आठ दिवस. चव नाही. पुढे माझा विनोद आणि "खूप हसलो". माझ्याच अक्षरात, पाच दिवस आधी वाचलेल्या शिंप्याच्या कागदाची नक्कल.

या दिवशी कंपनीला कळलं. कुलपाच्या तेवीस दिवस आधी. ही तारीख टाकली तर ताईची तक्रार या फाइलची होते. मग कुलूप उघडावं लागेल, मी प्रश्न विचारून बाहेर ठेवलेले दोन कागद आत येतील, शिंप्यावरचा शेरा पुन्हा तपासतील, आणि खोक्यावर इशारा येईल. शेअर जातील. मी नियम मोडला हे माझ्याच सहीने ठरेल, तेव्हा नोकरीही. ताई तिसऱ्या मजल्यावर.

नाही टाकली तर कुणालाही कळणार नाही. ताई तर कुणाला सांगणारच नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल मी ते पान फाडायला घेतलं होतं.

वरून बोटभर फाडलं असेल. तेवढ्यात वहीच्या सुरुवातीचं एक पान हलायला लागलं. उलटून बघितलं तर अठरा ऑगस्टचं. पंधरा हजार शेअरचं. दोन्ही एकाच कागदाची, मधे घडी आणि ताईचा टाका. तिने सांगितलं होतंच.

हात थांबला तो पान सुटेल म्हणून, की लाज वाटली म्हणून, ते मला नक्की सांगता येणार नाही. लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. थांबला एवढं खरं.

बायको दारात उभी होती. तिने बघितलं. टेबलावरची डिंकपट्टी सरकवली आणि म्हणाली, "लावा. घर आपण माझ्या पगारात भाड्याने बघू. आपल्यातलीच एक खोली देऊ, नाहीतर."

"आणि माझा पगार?"

"धरलाच नाही मी तो."

१३ ऑक्टोबर, सोमवार

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. नर्सबाई बाराला येतील आणि ही वही घेऊन जातील. फॉर्मबरोबर मूळ कागद जोडावा असा नियम आहे, आणि मूळ कागद हाच. एक पान वेगळं काढता येत नाही, म्हणून सगळी वही. नर्सबाई, तुम्ही हे वाचाल. तुमच्या जिभेबद्दल लिहिलंय ते खोडत नाही. कुंपणाचंही तसंच राहू दे.

फॉर्म सकाळी मी स्वतः भरला. माहिती प्रथम मिळाल्याची तारीख: ७ सप्टेंबर. औषधाशी संबंध: "संभवतो" लिहिलं होतं, मग त्या तरुण डॉक्टरीणबाईंचे आकडे पुन्हा बघितले आणि "दाट शक्यता" केलं. कळवणाऱ्याचं रुग्णाशी नातं: सवयीने "डॉक्टर" लिहिलं, मग खोडून "भाऊ". परिणाम: अजून समजलेला नाही. पुढचे तीन दिवस महत्त्वाचे आहेत, लिव्हर सावरून रक्त पुन्हा नीट गोठायला लागलं तर आशा आहे, असं त्या म्हणाल्या. माझ्यापासून त्यांनी काही लपवलेलं नाही.

साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन दिवस राहिले होते, डॉक्टर." मी हो म्हणालो.

मग ताईकडे आत गेलो आणि तिला सगळं सांगितलं. शिंपी, बसचालक, ग्रंथालयातल्या बाई, मी विचारलेले प्रश्न, तारीख, घर. फाडलेल्या पानाचंही सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. मला वाटलं झोप लागली.

"सांगितलं होतं ना, फाडू नकोस," ती म्हणाली. "जास्त नाही ना फाटलं?"

"बोटभर."

"मग धरेल. माझा टाका आहे." थोडं थांबून म्हणाली, "त्या बसवाल्याला सांगितलं का कुणी, गोळी बंद कर म्हणून?"

"नर्सबाईंनी सकाळी तिघांच्याही डॉक्टरांना फोन केला."

"बरं झालं." मग तिने मान माझ्याकडे वळवली. डोळे तसेच पिवळे आहेत. "अरे, आता तुला लगेच सांगायचं ना? लपवायचं नाही ना काही?"

"नाही, ताई. लगेच."

"गुडघा दुखायला लागला रे पुन्हा. उजवा."

ताईचा उजवा गुडघा दुखतो. माहिती प्रथम मिळाल्याची तारीख १३ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.